निवृत्तिवेतनात घटस्फोटितेचा वाटा

संसार मोडला की वाटणीचा प्रश्न उपस्थित होतो. राहते घर कोणाचे, दागिने कोणाचे, बँकेतील ठेवी कोणाच्या नावावर, मुलांचा खर्च कोणी करावयाचा, या गोष्टींवर दोन्ही बाजूंचे वकील हिरिरीने भांडतात. परंतु नोकरदार मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी मालमत्ता बहुधा या यादीत नसतेच. ती कपाटात नसते, बँकेच्या पासबुकात दिसत नाही आणि सात-बाराच्या उताऱ्यावरही तिची नोंद नसते. ती मालमत्ता म्हणजे वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीतून हळूहळू साठत गेलेला निवृत्तिवेतनाचा हक्क. ज्या स्त्रीने ती वीस-पंचवीस वर्षे त्या घरात घालविली, तिचा या हक्कात काही वाटा आहे काय?

अमेरिकेने या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर १९८४ साली कायद्यात नोंदविले. न्यायालयाच्या आदेशान्वये निवृत्तिवेतनाची विभागणी करून घटस्फोटित जोडीदाराचा वाटा थेट त्याच्या हाती देण्याची पद्धत तेथे गेली चार दशके रूढ आहे. तिचे गुण आणि दोष दोन्ही आता पुरते उघड झाले आहेत. भारतात मात्र हा प्रश्न अद्याप नीट विचारलाही गेलेला नाही. या दृष्टीने अमेरिकेतील अनुभव तपासून पाहणे उपयुक्त ठरावे.

लांबणीवर टाकलेले वेतन

निवृत्तिवेतन म्हणजे मालकाची मेहेरबानी, ही समजूत जुनी आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती चुकीची आहे. कामगाराच्या श्रमाचे मोल मालक दोन भागांत देतो. एक भाग दरमहा हाती पडतो, दुसरा भाग म्हातारपणासाठी राखून ठेवला जातो. हा दुसरा भाग मिळणार असतो म्हणूनच कामगार पहिल्या भागात थोडे कमी घेण्यास तयार होतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यातील १७ डिसेंबर १९८२ च्या निकालात नेमका हाच विचार मांडला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली देणगी नसून पूर्वी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. शिक्षक आणि कारकून वर्गाला या निकालाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

एकदा हे तत्त्व मान्य केले की, पुढची पायरी अटळ ठरते. दरमहा हाती येणारे वेतन ज्या घरात खर्च झाले, त्याच घराने राखून ठेवलेल्या भागाची झळही सोसलेली असते. त्या काळात पत्नीने घर सांभाळले, मुले वाढविली, आजारपणे काढली आणि अनेकदा स्वतःची नोकरी सोडली. पतीला सलग तीस वर्षे नोकरी करता आली, ती घरातील ही बिनपगारी नोकरी दुसऱ्या कोणीतरी केली म्हणून. तेव्हा राखून ठेवलेल्या वेतनावर एकट्या कमावत्याचे नाव असले, तरी ती बचत दोघांची ठरते.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ब्राउन दांपत्याच्या खटल्यात हीच भूमिका घेतली. पती एका दूरध्वनी कंपनीत नोकरीस होता. निवृत्तिवेतनाचा हक्क पक्का होण्यास ७८ गुण लागत आणि पतिपत्नी विभक्त झाली तेव्हा त्याचे ७२ गुण झाले होते. जुन्या न्यायाने पाहता, हक्क पक्का झालेला नाही म्हणजे ती केवळ आशा, आणि आशेची वाटणी करता येत नाही. १९४१ पासून रूढ असलेले हे मत त्या न्यायालयाने मोडीत काढले. हक्क पक्का झालेला नसला तरी तो मिळविण्यासाठी झालेले श्रम वैवाहिक काळातील आहेत. म्हणून त्या प्रमाणात तो उभयतांच्या मालकीचा आहे, असा निर्णय झाला. सहा गुण कमी पडले म्हणून बाहत्तर गुणांचा हिशेब शून्य कसा होईल, हा त्या निकालाचा साधा मथितार्थ होय.

भिंत आणि तिच्यातील दार

परंतु तत्त्व मान्य झाले तरी मार्गात एक मोठी अडचण उभी होती, आणि ती कामगारांच्याच हितासाठी उभारलेल्या एका कायद्याची होती. स्टुडबेकर मोटार कंपनीने साउथ बेंड येथील आपला कारखाना १९६३ च्या डिसेंबरात बंद केला. निवृत्तिवेतन निधीत पुरेसे पैसेच नव्हते. साठी उलटलेल्यांना पूर्ण निवृत्तिवेतन मिळाले; परंतु चाळीस ते साठ या वयाच्या सुमारे ४,००० कामगारांना त्यांच्या हक्काच्या अवघे १५ टक्के हाती आले आणि उरलेल्यांना काहीच मिळाले नाही. या आणि अशा घटनांनी लोकमत जागे झाले. अध्यक्ष फोर्ड यांनी २ सप्टेंबर १९७४ रोजी स्वाक्षरी केलेला कर्मचारी निवृत्ती उत्पन्न सुरक्षा कायदा हे त्याचे फळ होय.

या कायद्याने निवृत्तिवेतनाभोवती एक भक्कम भिंत उभी केली. कामगाराला आपला निवृत्तिवेतनाचा हक्क विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही आणि कोणा सावकाराला तो जप्तही करता येणार नाही, अशी तरतूद झाली. हेतू स्तुत्य होता. पण या भिंतीने सावकाराला जसे बाहेर ठेवले, तसेच घटस्फोटित पत्नीलाही बाहेर ठेवले. राज्यातील कुटुंब न्यायालयाने तिला अर्धा वाटा देऊ केला, तर निवृत्तिवेतन निधीचे व्यवस्थापक केंद्रीय कायद्याकडे बोट दाखवून हात वर करू लागले. काही न्यायालयांनी पोटगीसाठी कायद्यात अपवाद गृहीत धरला, काहींनी धरला नाही. दहा वर्षे हा गोंधळ चालला.

१९८४ च्या निवृत्ती समानता कायद्याने तो मिटविला. प्रतिनिधिगृहात यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत डेमोक्रॅटिक पक्षाच्या जेराल्डीन फेरारो या होत्या. त्याच वर्षी त्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या. आणि ऐन निवडणुकीच्या हंगामात, २३ ऑगस्ट १९८४ रोजी, विधेयकावर स्वाक्षरी केली ती प्रतिपक्षाचे अध्यक्ष रीगन यांनी. स्त्रियांच्या वृद्धापकाळाचा प्रश्न पक्षभेदाच्या पलीकडचा आहे, हे निदान त्या दिवसापुरते तरी मान्य झाले.

नव्या कायद्याने भिंत पाडली नाही. तिच्यात एक दार ठेवले. राज्याच्या कुटुंबविषयक कायद्यान्वये दिलेला न्यायालयाचा आदेश विहित अटी पूर्ण करीत असेल, तर तो ‘पात्र आदेश’ समजावा आणि निधीने त्यानुसार वाटा दिलाच पाहिजे, असे ठरले. हा वाटा पत्नी, पती, घटस्फोटित जोडीदार, मूल किंवा अन्य अवलंबित यांनाच मिळू शकतो. सावकाराला हे दार अजूनही बंदच आहे. याच कायद्याने आणखी एक मोठा बदल केला. आपल्या पश्चात पत्नीला मिळावयाचे निवृत्तिवेतन नाकारून स्वतःच्या हयातीत अधिक रक्कम घेण्याची मुभा पूर्वी पतीला होती आणि त्यासाठी तिला विचारण्याचीही गरज नव्हती. १९८४ पासून तिची साक्षांकित लेखी संमती आवश्यक झाली.

आदेश कसा असावा लागतो

या पद्धतीचे मर्म तिच्या काटेकोरपणात आहे. कर्मचारी आणि वाटेकरी या दोघांची नावे व पत्ते, योजनेचे नाव, वाट्याची रक्कम किंवा टक्केवारी अथवा ती काढण्याची रीत, आणि हा वाटा किती काळ द्यावयाचा, या चार बाबी आदेशात स्पष्ट असाव्या लागतात. तीन गोष्टी आदेशाने करावयाच्या नसतात. योजनेत नसलेला लाभ मागावयाचा नाही, एकूण लाभ वाढवून मागावयाचा नाही आणि आधीच्या आदेशाने दुसऱ्या वाटेकऱ्याला दिलेला हिस्सा पुन्हा वाटावयाचा नाही. यामुळे निधीवर एका पैचाही जादा भार पडत नाही. भाकरी तेवढीच राहते, फक्त तिचे दोन तुकडे होतात.

आदेश पात्र आहे की नाही, हे प्रथम निधीचा व्यवस्थापक ठरवितो. तो निर्णय होईपर्यंत वादातील रक्कम जास्तीत जास्त अठरा महिने वेगळी राखून ठेवावी लागते. म्हणजे कागदपत्रांचा घोळ चालू असताना पैसे उचलून पसार होण्याची सोय उरत नाही. घटस्फोटित जोडीदाराच्या हाती आलेल्या रकमेवरील प्राप्तिकर त्याच्यावरच बसतो. मुलाला दिलेल्या रकमेवरील कर मात्र कर्मचाऱ्याला भरावा लागतो. घटस्फोटितेचा वाटा तिला मिळावा म्हणून पतीने नोकरी सोडलीच पाहिजे असेही नाही. कायद्याने ठरविलेले किमान निवृत्तिवय त्याने गाठले, की तो कामावर असला तरी तिला आपला वाटा सुरू करून घेता येतो. निवृत्ती पुढे ढकलून माजी पत्नीला तिष्ठत ठेवण्याचा मार्ग अशा रीतीने बंद झाला.

वाटणीचे गणित

आता प्रश्न हिशेबाचा. सर्वांत प्रचलित रीत कालप्रमाणाची आहे. नोकरीच्या एकूण काळापैकी वैवाहिक जीवनाचा काळ किती, हे प्रमाण काढावयाचे आणि त्याचे निम्मे वाटेकऱ्याला द्यावयाचे. समजा, एका कर्मचाऱ्याची नोकरी तीस वर्षांची झाली आणि त्यांपैकी वीस वर्षे संसार टिकला. वीस भागिले तीस म्हणजे दोन तृतीयांश. त्याचे निम्मे एक तृतीयांश. निवृत्तिवेतन दरमहा १,८०० डॉलर असेल, तर ६०० डॉलर घटस्फोटितेला आणि १,२०० डॉलर कर्मचाऱ्याला. लग्नापूर्वीच्या आणि घटस्फोटानंतरच्या वर्षांचे फळ त्याचे त्यालाच राहते. शाळकरी मुलालाही सोडविता येईल असे हे गणित आहे.

दुसरी रीत तडजोडीची. निवृत्तिवेतनाचे आजचे मूल्य काढावयाचे, ते पतीकडे ठेवावयाचे आणि त्या बदल्यात पत्नीला घर किंवा अन्य मालमत्ता द्यावयाची. एका घावात संबंध तुटतो, हा तिचा गुण. पण आजचे मूल्य हे व्याजाचा दर, आयुर्मान आणि भावी वेतनवाढ यांच्या अंदाजांवर अवलंबून असते. व्याजाचा दर एका टक्क्याने बदलला तरी उत्तर फार बदलते. शिवाय पत्नीच्या हाती आलेल्या घराला दरवर्षी कर आणि दुरुस्तीचा खर्च लागतो, तर पतीच्या हाती राहिलेले निवृत्तिवेतन दरमहा पैसे देते. मुलांसाठी घर मागून घेणाऱ्या आणि म्हातारपणी त्याच घरात रोख पैशावाचून राहणाऱ्या स्त्रीची अडचण यातून उद्भवते. छप्पर आणि भाकरी या दोन्हींची गरज असताना एकच निवडावयास लावणारी ही तडजोड आहे, हे विसरता कामा नये.

पहिल्या रीतीतही दोन प्रकार संभवतात. एकात पतीचे निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर प्रत्येक हप्त्यातून भाग पडतो. दुसऱ्यात हक्काचेच दोन भाग होतात आणि घटस्फोटितेचा भाग तिच्या स्वतःच्या आयुष्यमानावर हिशेबला जातो. पहिल्या प्रकारात पती निवर्तला की हप्ते थांबतात. त्यासाठी माजी पत्नीला हयात जोडीदार मानावे, असे आदेशात स्पष्ट लिहून घ्यावे लागते. ते एक वाक्य राहून गेले तर पतीच्या पश्चात मिळणारे सारे निवृत्तिवेतन दुसऱ्या पत्नीकडे जाऊ शकते.

कागदाचे सामर्थ्य

न्याय कागदावर किती अवलंबून असतो, याचे बोलके उदाहरण म्हणजे केनेडी खटला. एका मोठ्या रसायन कंपनीतील कर्मचाऱ्याचा १९९४ साली घटस्फोट झाला. त्याच्या बचत योजनेवर आपला हक्क राहणार नाही, असे पत्नीने हुकूमनाम्यात मान्य केले. परंतु योजनेच्या दप्तरात वारस म्हणून तिचेच नाव होते आणि ते बदलण्याचा अर्ज त्याने कधी भरला नाही. २००१ साली तो वारला. निधीने सुमारे ४ लाख डॉलर त्या माजी पत्नीला दिले. मृताच्या मालमत्तेच्या वतीने त्याची मुलगी न्यायालयात गेली. २००९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निधीची बाजू उचलून धरली. व्यवस्थापकाने आपल्या दप्तरातील कागदाप्रमाणे वागावे, पतिपत्नींच्या मनात काय होते याचा शोध घेत बसू नये, हा त्या निकालाचा आशय.

हे उदाहरण उलट्या दिशेचे असले तरी धडा एकच आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा आणि निवृत्तिवेतनाचा आदेश हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला मिळाला म्हणजे दुसरा आपोआप मिळत नाही. हुकूमनाम्यात ‘अर्धे निवृत्तिवेतन पत्नीला’ असे लिहिलेले असूनही तो आदेश निधीकडे गेलाच नाही, तर तिचा वाटा नुसता कागदावर राहतो. वकिलाचे काम हुकूमनाम्याबरोबर संपले असे दोघेही समजतात आणि वर्षे लोटतात. २००६ च्या सुधारणेने उशिरा आलेला आदेश केवळ उशिराच्या कारणावरून अपात्र ठरणार नाही, असे स्पष्ट केले. तरी तोवर पैसे वाटले गेले असतील तर ते परत मिळविणे दुरापास्तच.

शिवाय हे दार सर्व घरांना नाही. सरकारी नोकरांच्या योजना या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र नियम आहेत. सैनिकी निवृत्तिवेतनाची वाटणी राज्यांच्या न्यायालयांना करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली दिला आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून तो अधिकार राज्यांना दिला. सामाजिक सुरक्षेचे सरकारी निवृत्तिवेतन तर न्यायालयाला वाटताच येत नाही. त्याची सोय निराळी आहे. संसार किमान दहा वर्षे टिकलेला असेल आणि घटस्फोटितेने पुनर्विवाह केलेला नसेल, तर माजी पतीच्या नोंदीवर तिला त्याच्या पूर्ण लाभाच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळू शकते, आणि त्यामुळे पतीचा लाभ एका डॉलरनेही घटत नाही. ही अट पूर्वी वीस वर्षांची होती. १९७७ च्या सुधारणेने ती दहावर आली.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे जाणून घेण्यासारखे आहे. तेथील कंपनीत नोकरी करणाऱ्या अभियंत्याची बचत बहुधा ‘४०१ (के)’ नावाच्या योजनेत असते आणि तीही याच कायद्याखाली वाटली जाते. मात्र आदेश तेथील राज्याच्या कायद्यान्वये दिलेला असावा लागतो. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या कुटुंब न्यायालयाचा हुकूमनामा तेथील निधीकडे नुसता पाठवून काम होत नाही. मुलीच्या घटस्फोटाचा दावा येथे चालवावा की तेथे, हे ठरविताना ही गोष्ट ध्यानात घेतलेली बरी.

आपल्याकडील स्थिती

आपल्या विवाहविषयक कायद्यात वैवाहिक मालमत्ता ही कल्पनाच सर्वसाधारणपणे नाही. हिंदू विवाह कायद्याचे २७ वे कलम लग्नाच्या वेळी मिळालेल्या आणि उभयतांच्या मालकीच्या वस्तूंपुरते बोलते. २५ वे कलम पोटगी देते. पोटगी ही गरज पाहून ठरते. वाटणी ही हक्क पाहून होते. या दोहोंत अंतर आहे. पोटगी मागणारी स्त्री याचक ठरते. वाटा मागणारी स्त्री मालकीण ठरते. याला अपवाद गोव्याचा. पोर्तुगीज काळापासून तेथे चालत आलेल्या नागरी कायद्यात, वेगळा करार नसेल तर, विवाहाबरोबर पतिपत्नींच्या मालमत्तेत सहमालकी निर्माण होते. म्हणजे ही कल्पना आपल्या मातीला अगदीच परकी आहे असे म्हणता येणार नाही.

निवृत्तिवेतनाभोवती भिंत मात्र आपल्याकडेही आहे, आणि ती अमेरिकेतील भिंतीहून शंभर वर्षांनी जुनी आहे. १८७१ च्या निवृत्तिवेतन कायद्याचे ११ वे कलम धनकोच्या मागणीसाठी सरकारी निवृत्तिवेतन जप्त करू देत नाही. भविष्यनिर्वाह निधीलाही असेच संरक्षण आहे. पोटगी मागणारी पत्नी ही धनको नव्हे, असा अर्थ लावून न्यायालयांनी निवृत्तिवेतनातून पोटगी वसूल करण्याचा मार्ग मोकळा केला आहे. पण ही वसुली झाली, वाटणी नव्हे. पती हयात असेपर्यंतच तिचा उपयोग. त्याच्या मृत्यूनंतर सुरू होणारे कुटुंब निवृत्तिवेतन घटस्फोटितेला मिळत नाही. कारण नियमांच्या लेखी ती कुटुंबात उरत नाही.

येथे नियमांतील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. केंद्र सरकारच्या १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांत अशी तरतूद होती की, मृत कर्मचाऱ्याला घटस्फोटित पत्नीपासून झालेले पात्र मूल असेल, तर घटस्फोट झाला नसता तर त्याच्या आईला जो हिस्सा मिळाला असता तो त्या मुलाला मिळावा. म्हणजे आईचा हिस्सा किती असता, हे नियमाला ठाऊक होते. तो मोजताही येत होता. फक्त आईलाच द्यावयाचा नव्हता. २०२१ साली नवे नियम आले, तरी घटस्फोटितेला स्वतःचा हक्क मिळालेला नाही. दुसरीकडे, निवृत्त कर्मचाऱ्याच्या घटस्फोटित मुलीला काही अटींवर वडिलांचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. ही तरतूद योग्यच आहे. पण तिचा अर्थ असा होतो की, ज्याच्या संसारात तिने वीस वर्षे काढली त्याच्या निवृत्तिवेतनावर तिचा अधिकार नाही आणि तिच्या वृद्धापकाळाचा भार पुन्हा माहेरानेच उचलावयाचा. ज्यांचे वडील सरकारी नोकरीत नव्हते, त्यांना तोही आधार नाही.

सुधारणेचा एक प्रयत्न होऊन गेला आहे. विवाह कायद्यात दुरुस्ती करणारे २०१० चे विधेयक राज्यसभेने २०१३ च्या ऑगस्टमध्ये संमत केले होते. संसार पुन्हा जुळण्याजोगा राहिला नाही या कारणावरून घटस्फोट देताना पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद त्यात होती. लोकसभेची मुदत २०१४ साली संपली आणि ते विधेयक बारगळले. निवृत्तिवेतनाच्या हक्कावर त्याचा भर नव्हताच. ज्या कारकुनाच्या नावावर एक गुंठाही जमीन नाही, परंतु पंचवीस वर्षांच्या सेवेचा हक्क जमलेला आहे, त्याच्या पत्नीला त्या विधेयकाने फारसे काही दिले नसते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

अशा वाटणीवर घेतले जाणारे आक्षेप विचारात घेतलेच पाहिजेत. पहिला असा की, श्रम पतीचे आणि वाटा पत्नीचा, हा कोठला न्याय? याचे उत्तर वर आलेच आहे. घरातील श्रमांना पगारपत्रक नसते, म्हणून ते श्रम नव्हेत असे होत नाही. दुसरा आक्षेप असा की, हल्ली पत्नीही नोकरी करते. तर मग हाच नियम तिच्या निवृत्तिवेतनालाही लागू व्हावा; अमेरिकेतील कायदा पतिपत्नींत भेद करीत नाही. दोघांचे हक्क सारखे असतील तर हिशेबाची वजाबाकी शून्यावर येईल.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका घरासाठी कल्पिलेले निवृत्तिवेतन दोन चुलींना पुरणार कसे? हे खरेच आहे की, वाटणीने नवा पैसा निर्माण होत नाही. तुटपुंज्या निवृत्तिवेतनाचे दोन भाग केले तर दोघेही अपुऱ्या उत्पन्नावर राहतील. परंतु सध्याच्या व्यवस्थेत ती टंचाई नाहीशी झालेली नाही. ती सगळी एकाच्या वाट्याला आलेली आहे. वाटणीने दारिद्र्य संपत नसेल, पण ते कोणी आणि किती सोसावे हे न्यायाने ठरते. आणि जेथे दोघांचेही भागत नाही, तेथे समाजाने आपल्या निधीतून भर घालावी, हा अमेरिकेतील सामाजिक सुरक्षेच्या तरतुदीचा धडा आहे.

जगात हा विचार एकट्या अमेरिकेचा नाही. पश्चिम जर्मनीने १९७७ पासून घटस्फोटाच्या वेळी वैवाहिक काळातील निवृत्तिवेतनाचे हक्क समान करण्याची पद्धत लागू केली. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्यान्वये निवृत्तिवेतनाची प्रत्यक्ष विभागणी डिसेंबर २००० पासून सुरू झाली. देशोदेशींच्या न्यायपद्धती भिन्न असूनही सर्व एकाच निष्कर्षाला पोहोचल्या, हा केवळ योगायोग मानता येणार नाही.

पुढील वाट

आपल्याकडे आरंभ अवघड नाही. वैवाहिक काळात जमलेला निवृत्तिवेतन, उपदान आणि भविष्यनिर्वाह निधी यांवरील हक्क घटस्फोटाच्या वेळी हिशेबात धरावा, अशी दुरुस्ती विवाहविषयक कायद्यांत करता येईल. १८७१ चा कायदा आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा यांत कुटुंब न्यायालयाच्या आदेशापुरते एक दार ठेवता येईल. आदेशाचा नमुना सरकारनेच ठरवून द्यावा, म्हणजे वकिलाच्या एका विसरलेल्या वाक्यापायी कोणाचा हक्क जाणार नाही. न्यायालयाने हुकूमनाम्याबरोबरच तो आदेश थेट निवृत्तिवेतन कार्यालयाकडे पाठवावा. अमेरिकेत जी गोष्ट पक्षकारावर सोडून दिल्यामुळे अनेकींचे नुकसान झाले, ती येथे यंत्रणेने करावी. कुटुंब निवृत्तिवेतनातही संसाराच्या वर्षांच्या प्रमाणात घटस्फोटितेचा हिस्सा असावा.

बदललेली निवृत्तिवेतन पद्धती या कामी साह्यभूतच ठरेल. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्या असंख्य कर्मचाऱ्यांची निवृत्तीची पुंजी स्वतंत्र खात्यांत जमा होत आली आहे. लग्नाच्या दिवशी खात्यात किती होते आणि घटस्फोटाच्या दिवशी किती, हे पाहण्यास गणितज्ञाची गरज नाही. ही पिढी आता चाळिशीत येत आहे. तिच्यातील मोडलेल्या संसारांचे हिशेब याच दशकात न्यायालयांपुढे येणार आहेत.

कायदा होईपर्यंतही काही करता येते. पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिले आहे. त्या प्रतिज्ञापत्रात निवृत्तिवेतनाच्या हक्काची नोंद झालीच पाहिजे, असा आग्रह वकिलांनी आणि पक्षकार स्त्रियांनी धरावा. एकरकमी तडजोड करताना समोरच्या पक्षाची सेवा किती वर्षांची झाली, हा प्रश्न घर आणि दागिन्यांच्या आधी विचारला जावा. जी मालमत्ता कोणी विचारीतच नाही, तिची वाटणी कोणतेही न्यायालय करू शकत नाही.

विवाह टिकावेत, हे सर्वांनाच हवे असते. पण जे टिकत नाहीत, त्यांचा शेवट न्यायाने व्हावा ही समाजाची जबाबदारी आहे. पंचवीस वर्षांच्या संसाराचा हिशेब मांडताना एकाच्या खात्यात आयुष्यभराची निश्चिंती आणि दुसऱ्याच्या खात्यात दरमहा न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणे, अशी मांडणी होत असेल, तर त्या हिशेबात कोठेतरी चूक आहे. ती दुरुस्त करणे संसदेच्या हाती आहे.